परभणीहून संभाजीनगरला: घर हलवताना काय आधी, काय नंतर

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, २४ फेब्रुवारी २०२५ ला, नवऱ्याला संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कंपनीचं पत्र आलं. १ एप्रिलला हजर व्हायचं होतं. आनंद झाला. पण त्या रात्री ओटा पुसताना नजर माळ्यावर गेली आणि पोटात गोळा आला. अकरा वर्षांचा संसार, सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, मुलगा चौथीत. नवरा एप्रिलपासून तिकडं खोली करून राहणार, म्हणजे परभणीचं घर आवरायचं ते मी आणि आईंनी. सासूबाईंना मी आईच म्हणते.

आता सगळं मार्गी लागलंय. मराठवाड्यातच एका गावातून दुसऱ्या गावाला निघालेल्यांना उपयोग होईल म्हणून तारखा आणि आकड्यांसकट लिहिते. माझी निम्मी धावपळ एकाच कारणानं झाली: कुठलं काम कशाच्या आधी करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

घर शोधायला आम्ही ६ आणि १३ एप्रिल असे दोन रविवार दिले. सहा तारखेला रामनवमी होती, पहाटेच्या गाडीनं गेले आणि रात्री परत आले. दोन दिवसांत सात घरं बघितली. माझं माहेर लातूरचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माझे आईवडील तिथंच होते, घागरी मोजून पाणी वापरत होते. त्यामुळं घरात शिरले की मी खिडक्या बघत नाही, हौद बघते. संभाजीनगरला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं, पण नळाला ते रोज येत नाही. गल्लीगल्लीत फरक आहे. घरमालकाला विचारलं की ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ हेच उत्तर मिळतं. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी शेजारच्या दाराशी जाऊन विचारलं. गारखेड्यातल्या एका काकूंनी सरळ सांगितलं, "आठव्या दिवशी येतं माय. कधी रात्री दोनला बी येतं. कान उघडे ठेवून झोपावं लागतं."

मग मी तिथंच जिन्यात बसून हिशेब केला. आम्ही चौघं. माणशी दिवसाला शंभर लिटर धरलं तर रोज चारशे, आठ दिवसांचं बत्तीसशे. हौद पाच हजार लिटरचा, पण खालच्या आणि वरच्या अशा दोन कुटुंबांत, म्हणजे आमच्या वाट्याला अडीच हजार. सातशे लिटर कमी पडणार. बोअर होता, त्याचं पाणी खारं. भांड्याकपड्यांना चालेल, पण डाळ शिजणार नाही. घर बाकी चांगलं होतं, शाळा चालत दहा मिनिटांवर. मालकांना मी हा हिशेब कागदावर दाखवला आणि गच्चीवर हजार लिटरची वेगळी टाकी मागितली. ते आधी नाही म्हणाले. निम्मे पैसे आम्ही देतो म्हटल्यावर तयार झाले. टाकी ६,८०० ची, आमचे ३,४०० गेले. टाकी आमच्याकरता आहे हे करारात लिहून घेतलं. घर बघायला जाताना वही-पेन न्या आणि हा हिशेब तिथंच करा. एकदा टोकन दिलं की मग कुणी ऐकत नाही.

भाडं ११,००० आणि डिपॉझिट ३३,००० ठरलं. मालक म्हणाले, "नोटरी करू, पाचशेत होतं." मी इथं अडून बसले, आणि बरं झालं. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सांगतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतो. पण मला कायद्यापेक्षा पुढची कामं दिसत होती. गॅस, आधार, बँक, सगळीकडं पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद लागणार. मुद्रांक शुल्क अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर पाव टक्का, शिवाय डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून तेही त्यात मिळवतात. आमचं चारशेच्या आत बसलं. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० आणि ऑनलाइन हाताळणीचे ३००. एजंटानं त्याची फी धरून एकूण २,४०० घेतले, ते आम्ही आणि मालकांनी निम्मेनिम्मे केले. २६ एप्रिलला शनिवारी तो लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन मालकांच्या घरीच आला. दोन साक्षीदार लागतात, ते आधी सांगून ठेवा. आमचा एक साक्षीदार आयत्या वेळी आला नाही, तेव्हा त्या काकूंचा मुलगा उभा राहिला. नवऱ्याच्या आधारवर त्याच्या वडिलांचं नाव एका तऱ्हेनं आणि पॅनवर दुसऱ्या तऱ्हेनं होतं. एजंटाला ते कळलं म्हणून करारात आधारप्रमाणेच घेतलं. नावाची अक्षरं एकदा नीट वाचा. या कागदाच्या पुढं दहा झेरॉक्स निघतात.

आईंचं एक मागणं होतं, नव्या घरात पाऊल अक्षय्य तृतीयेलाच पडावं. ३० एप्रिलला बुधवारी आम्ही तिघं गेलो, कलश ठेवला, शेजारच्या काकूंच्या शेगडीवर दूध उतू घातलं आणि परत आलो. त्यापायी मे महिन्याचं भाडं दोन्हीकडं भरावं लागलं, परभणीचे ६,५०० जास्तीचे गेले. पण त्या महिन्याचा फार उपयोग झाला. नवऱ्यानं रविवारी जाऊन दाराचं कुलूप बदललं, गळका नळ बदलून घेतला, स्वयंपाकघरात फळी ठोकली. ऐपत असेल तर पंधरा दिवस तरी दोन्ही घरं हातात ठेवा. आमच्या घरात ज्या कामावरून भांडण झालं असतं, ते या दिवसांत शांतपणे झालं.

१ मेला निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी मी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज दिला. मिळाला ९ मेला. घरी आणून वाचला तर जन्मस्थळ परभणी लिहिलेलं. मुलाचा जन्म लातूरचा, बाळंतपण माहेरी झालं होतं. लगेच जन्म प्रमाणपत्र घेऊन परत गेले. बाईंनी रजिस्टर काढून बघितलं, तिथं लातूर बरोबर होतं, फक्त दाखल्यावर उतरवताना चुकलं होतं. नवीन दाखला दोन दिवसांत मिळाला. रजिस्टरमध्येच चूक असती आणि ती गाव सोडल्यावर कळली असती, तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीपर्यंत खेटे घालावे लागले असते. जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आईचं नाव, हे सगळं शाळेच्या फाटकाच्या आतच वाचा. दाखल्याला उशीर झाला तरी मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. तेव्हा त्या काळजीनं झोप घालवू नका. शिवाय जुन्या शाळेला ऑनलाइन मुलाची नोंद सोडायला सांगून या. मी सांगितलं नव्हतं, त्यामुळं जूनमध्ये तीन फोन करावे लागले.

आता सामान. पॅकर्सवाल्यांना फोन केले तर २६ हजारांपासून ३१ हजारांपर्यंत भाव आले. एकानं सामान न बघताच पाच हजार टोकन मागितलं, तिथं मी फोन ठेवला. शेवटी ओळखीतला चौदा फुटी आयशर ठरवला, १२,००० मध्ये. हमालांचे परभणीत चौघांचे २,४०० आणि तिकडं २,०००. हमालांशी बोलताना जिन्याचं आधी बोला. ‘जिन्याचे वेगळे’ हे वाक्य सामान निम्मं उतरल्यावर ऐकू येतं. आमचं नवं घर पहिल्या मजल्यावर आहे, तारीख, मजला, माणसं आणि रक्कम मी एका कागदावर लिहून टेम्पोवाल्याची सही घेतली होती. तो कागद दाखवावा लागला नाही, पण तो आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

खोकी मोंढ्यातून आणली. औषधांच्या दुकानातली खोकी सगळ्यात दणकट असतात, किराण्याच्या दुकानातली मोठी असतात पण बुडाला फाटतात. बारदान, सुतळी, दाभण आणि टेप मिळून १,१५० रुपये झाले. घर बदलायचं ठरलं की रद्दी विकू नका. मी मार्चमध्ये विकली आणि मेमध्ये शेजाऱ्यांकडून मागून आणली. काचेची भांडी आईंच्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळली, एकही फुटलं नाही. प्रत्येक खोक्यावर नंबर आणि खोली लिहिली, आणि मुलाच्या उरलेल्या दोनशे पानी वहीत नंबरापुढं आत काय ते लिहिलं. ही वही मुलानंच सांभाळली. त्याचे सगळे मित्र परभणीत राहणार होते, तो गप्प गप्प झाला होता. वही हातात आल्यापासून खोकं बंद करायच्या आधी त्याला विचारावं लागायचं. एकूण अडतीस खोकी झाली.

सगळ्यात अवघड गेली ती कोठी. आमच्याकडं वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरतात. मार्चअखेर गावाकडून चार पायल्या गहू आणि दीड क्विंटल ज्वारी आली होती, आणि बदलीचं कळूनही आईंनी ती नेहमीसारखी वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरली होती. भरलेली कोठी उचलता येत नाही, आडवी केली की पत्र्याला पोचा पडतो. मी म्हटलं, निम्मी ज्वारी इथंच देऊन टाकू. आई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी मीच घमेलं घेऊन बसले. ज्वारी उपसताना हाताला आत गार लागते आणि पाल्याचा कडवट वास येतो. आई पाला वेचून बाजूला ठेवायच्या आणि मी बारदानात भरायचे. तोंड त्यांनी स्वतः दाभणानं शिवलं, टाके इतके जवळ की एक दाणा सांडला नाही. "तिकडं दुकानातून आणून खाताल, पण ही संपेस्तोवर घरची खाल," एवढंच म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाची एखादी वस्तू तुम्हाला ओझं वाटत असेल, तर टेम्पोत तिची जागा सगळ्यात आधी ठरवा. दीड क्विंटलनं टेम्पोचं भाडं काही वाढलं नाही.

गॅसचा घोळ मात्र माझ्याच चुकीनं झाला. दुसऱ्या गावाला जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करायचे. ते टर्मिनेशन व्हाउचर देतात आणि डिपॉझिट परत करतात. शेगडी आणि नळी आपली, ती सोबत न्यायची. परत मिळतात ते कनेक्शन घेतानाच्या जुन्या व्हाउचरवर छापलेलेच पैसे. आमचं कनेक्शन २०१४ चं, त्यावर सिलिंडरचे १,४५० आणि रेग्युलेटरचे १५० होते. नव्या ठिकाणी आजच्या दरानं भरावे लागतात, २,२०० आणि २५०. म्हणजे साडेआठशे रुपये पदरचे जातात, हे धरून चाला. सिलिंडरमध्ये उरलेल्या गॅसचा हिशेब होत नाही, म्हणून तो संपत येईल असा बेत करा. जुनं व्हाउचर मला सापडेना. हरवलं असेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. दोन दिवस कपाटं उलटीपालटी केली, शेवटी लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात मिळालं. २२ मेला गुरुवारी सिलिंडर जमा केला आणि मोकळा श्वास घेतला. घरी येताना रस्त्यातच लक्षात आलं की निघायचं शनिवारी आहे आणि शुक्रवारी स्वयंपाक कशावर करायचा? समोरच्या वहिनींनी दोन्ही वेळेला डबा दिला. नव्या गावात कनेक्शन मिळायलाही चार दिवस गेले. एखादी इंडक्शन शेगडी आधीच मागून ठेवा, आणि तिच्यावर चालेल असं सपाट बुडाचं पातेलं वरच्याच खोक्यात ठेवा.

२४ मे, शनिवार. त्या मे महिन्यात अवकाळीनं पाठ सोडली नव्हती. सकाळी सहाला हमाल आले तेव्हा आभाळ भरलेलं. जड सामान केबिनला लागून खाली, त्यावर खोकी, गाद्या वरून, फ्रिज उभाच. कूलरमधलं पाणी आदल्या रात्री काढून तो वाळवला होता. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी होऊ नये म्हणून शेवटी दाराशी उभी बांधली. ताडपत्री माझ्या सांगण्यावरून दुहेरी घातली. जिंतूर, मंठा करत टेम्पो पुढं गेला, वाटूर फाट्याजवळ जोराचा पाऊस लागला असं ड्रायव्हरनं फोन करून सांगितलं, तेव्हा मी फक्त ज्वारीचं विचारलं.

आम्ही तिघं रेल्वेनं निघालो. सोबत तीन पिशव्या, ज्या टेम्पोत जाऊ दिल्या नाहीत. पहिलीत सगळे कागद आणि दागिने. दुसरीत आईंच्या महिन्याभराच्या गोळ्या, चिठ्ठ्या आणि चष्मा. तिसरीत त्या रात्रीपुरतं: चादरी, टॉवेल, चहा-साखर, बॅटरी, डासांची कॉइल, बल्ब, पेचकस, एक सुरी. देव आईंनी मांडीवर घेतले होते, लोणच्याची बरणी मुलाच्या पायांत. निघायच्या आधी मी रिकाम्या घराच्या भिंतींचे, नळांचे आणि वीज मीटरचे फोटो काढले. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचं बोलणं निघालं तेव्हा ते उपयोगी आले. नव्या घरात पोचल्यावर पहिला फोटो मीटरचाच. आधीच्या भाडेकरूचं बिल आपल्या गळ्यात पडत नाही.

मानवत रोड गेलं, सेलू गेलं. आई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी काही बोलले नाही. परतूरला चहा घेतला.

सामान उतरायला दोन तास लागले. मुलगा जिन्यात वही घेऊन उभा होता आणि नंबर ऐकून "हे आतल्या खोलीत, हे किचनला" सांगत होता. हमाल त्याला साहेब म्हणत होते. भिजलं ते फक्त एका गादीचं टोक. त्या रात्री आम्ही खिचडीसुद्धा केली नाही, पोळीभाजी विकत आणली, गाद्या टाकून झोपलो. फ्रिज चार तासांनी सुरू केला. पहिल्या दिवशी घर लावायला जाऊ नका. झोपायची जागा, संडास-बाथरूम आणि पाणी, एवढं झालं की पुरे. आम्ही रोज पाच खोकी उघडली, आठ दिवसांत संपली.

पाचव्या रात्री तीनच्या सुमाराला दार वाजलं. "परभणीच्या ताई, उठा, पाणी आलंय!" काकू होत्या. मोटार लावून गच्चीवर टाकी भरताना बघत उभे राहिलो, चौघंही. त्या भरलेल्या टाकीनं मला जितकं बरं वाटलं तितकं महिनाभरात कशानंच वाटलं नव्हतं.

१६ जूनला शाळा सुरू झाली. पहिला आठवडा मुलगा मधल्या सुट्टीत एकटाच डबा खात होता, हे त्याच्या बाईंनी सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात क्रिकेटमुळं सुटलं. बाकीच्या कागदांचं थोडक्यात. मतदार यादीसाठी नमुना आठ भरायचा, नव्यानं नाव नोंदवायचा नमुना भरला तर दोन ठिकाणी नाव येतं. गाडी राज्यातच फिरल्यामुळं एमएच २२ नंबर तोच राहतो, फक्त पत्ता बदलायचा. बँकेत शाखा बदलली तरी खाते क्रमांक तोच. रेशन कार्ड अजून हलवलेलं नाही, धान्य उचलायचं असेल तर दुसऱ्या गावातही अंगठा लावून मिळतं, त्यामुळं ती घाई नाही.

आधारचा पत्ता मात्र लवकर बदला. नवऱ्याचा नोंदणीकृत करारावर ऑनलाइन झाला, तेव्हा पन्नास रुपये लागले. आम्हा बाकीच्यांची नावं करारात नव्हती. त्यासाठी कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं पत्ता बदलायची सोय आहे. आपण अर्ज करायचा, आणि प्रमुखानं त्याच्या आधार खात्यात जाऊन तीस दिवसांत संमती द्यायची. नवऱ्यानं आईंच्या अर्जाचा मेसेज बघितलाच नाही, मुदत टळली आणि अर्ज पुन्हा भरावा लागला. तिघांचे अर्ज एकाच दिवशी, त्याला शेजारी बसवून करा.

जुलैअखेर आईंचं नवं आधार आलं. त्यांनी चष्मा लावून पत्ता दोनदा वाचला. मी जुनं कार्ड फाडायला घेतलं तर हात धरला. "त्याच्यावर परभणी लिहिलंय की," म्हणाल्या. दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पाकिटात घालून, त्यांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलीत.